एएफपीची रक्ततपासणी: आकडा भरवशाचा, रिपोर्टचा कागद अर्धवट

यकृतातला हेपॅटोब्लास्टोमा हा लहान मुलांचा कर्करोग किंवा माकडहाडाजवळची जर्म सेल गाठ (बीज बनवणाऱ्या मूळ पेशींतून उगवणारी) काढून झाली, केमो संपली, की मुलाच्या फाइलमध्ये एका तपासणीचं नाव पुन्हा पुन्हा येऊ लागतं: एएफपी, म्हणजे अल्फा-फीटोप्रोटीन. गाठ परत येते आहे का, हे स्कॅनवर दिसण्याआधी पुष्कळदा या एका आकड्यातून कळतं. आज ही तपासणी मुंबई-पुण्याच्या मोठ्या लॅबपासून तालुक्याच्या गावातल्या कलेक्शन सेंटरपर्यंत सगळीकडे मिळते. इथे परीक्षण आहे ते या सेवेचं, आणि कसोटी एकच आहे: उपचार संपलेल्या लहान मुलावर लक्ष ठेवायला ती कितपत कामाची आहे?

मत आधीच सांगून टाकतो. तपासणी उत्तम आहे, स्वस्त आहे आणि मशिनमधून येणारा आकडा बहुतेक वेळा खरा असतो. घोळ आहे तो त्या आकड्याभोवती छापलेल्या मजकुरात. रेफरन्स रेंज (म्हणजे नॉर्मल आकड्यांची पट्टी), ठळक अक्षरातला ‘हाय’, खालच्या टिपा, हे सगळं मोठ्या माणसांसाठी तयार केलेलं असतं आणि मुलाच्या रिपोर्टवर जसंच्या तसं चिकटवलं जातं. त्यामुळे आईवडील उगाच घाबरतात, किंवा उगाच निर्धास्त होतात. दुसरं जास्त धोक्याचं.

कोणासाठी आहे, कोणासाठी नाही

गर्भात असताना योक सॅक (गर्भाला सुरुवातीला पोसणारी पिशवी) आणि बाळाचं यकृत हे प्रथिन भरपूर बनवतात. जन्मानंतर ते बनणं थांबतं आणि वर्षभरात रक्तातली पातळी मोठ्या माणसाइतकी, म्हणजे मिलिलीटरला साधारण १० नॅनोग्रॅमच्या आत येते. १९६३ मध्ये सोव्हिएत रशियात गॅरी अबेलेव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांना यकृताची गाठ असलेल्या उंदरांच्या रक्तात ते सापडलं. १९६४ मध्ये युरी तातारिनोव्ह यांनी ते यकृताच्या कर्करोगाच्या रुग्णात दाखवलं. काही गाठींच्या पेशी गर्भातलं हे काम पुन्हा सुरू करतात, म्हणून हा मार्कर, म्हणजे आजाराची चाहूल देणारा पदार्थ, उपयोगी पडतो.

हेपॅटोब्लास्टोमाच्या दहापैकी सुमारे नऊ मुलांमध्ये निदानाच्या वेळी एएफपी चढलेला असतो आणि तो बहुधा हजारांत किंवा लाखांत असतो. योक सॅक ट्यूमर हा जर्म सेल गाठींतला एक प्रकार अंडकोशातला असो, बीजांडकोशातला असो की माकडहाडाजवळचा, तो एएफपी बनवतोच असं धरून चालायला हरकत नाही. या दोन आजारांसाठी ही तपासणी फॉलोअपचा कणा आहे.

लहान मुलाच्या अंडकोशातला योक सॅक ट्यूमर तिथल्या तिथेच असेल, तर गाठीसकट तो अंडकोश काढून टाकतात आणि केमो न देता नुसतं लक्ष ठेवतात. आजार उलटलाच, तर सिस्प्लॅटिन किंवा कार्बोप्लॅटिन असलेल्या केमोने जवळपास सगळी मुलं बरी होतात. म्हणजे बहुतेक मुलांची केमोतून पूर्ण सुटका होते. पण हा सगळा डोलारा एएफपी ठरल्या दिवशी आणि नीट मोजला जाण्यावर उभा आहे. या मुलांच्या बाबतीत ‘पुढच्या महिन्यात करू’ हे चालतच नाही.

नवजात बाळाच्या माकडहाडाजवळचा टेराटोमा, म्हणजे जर्म सेल गाठीचाच दुसरा प्रकार, ही वेगळी गोष्ट. ही गाठ बहुतेकदा कर्करोगाची नसते, तरी ती माकडहाडासकट काढावी लागते. हाड मागे ठेवलं तर गाठ परत येण्याची शक्यता खूप वाढते. परत येताना ती योक सॅक ट्यूमर होऊन आली तर एएफपी चढतो. टेराटोमाच परत आला तर मात्र आकडा जागचा हलतही नाही. म्हणून या बाळांना निदान तीन वर्षं रक्तासोबत गुदद्वारातून बोटाने तपासणं आणि सोनोग्राफी किंवा एमआरआय लागतं. ‘एएफपी नॉर्मल आला, आता डॉक्टरांकडे कशाला?’ हा विचार इथे घातक आहे.

मेंदूतल्या जर्म सेल गाठींमध्ये एएफपी आणि बीटा-एचसीजी (गरोदरपणात बनणारं एक हार्मोन) हे दोन्ही मार्कर रक्तात आणि पाठीतल्या पाण्यात, दोन्हीकडे बघावे लागतात. ते काम मोठ्या केंद्राचं आहे, कोपऱ्यावरच्या लॅबचं नाही.

विल्म्स ट्यूमर (मूत्रपिंडाचा), ल्युकेमिया, हाडांच्या गाठी यांच्यासाठी एएफपीचा काही उपयोग नाही. न्यूरोब्लास्टोमात (लहान मुलांच्या मज्जापेशींच्या कर्करोगात) लघवीतले व्हीएमए आणि एचव्हीए हे दोन पदार्थ बघतात, तेही क्रिएटिनिनच्या प्रमाणात मांडून. आणि तिथेही आजार उलटताना ते चढतीलच याची खात्री नसते. जपानमध्ये १९८० च्या दशकात सगळ्या सहा महिन्यांच्या बाळांची लघवी अशी तपासायला सुरुवात झाली होती. आपोआप विरून गेल्या असत्या अशा कितीतरी गाठी सापडल्या, मुलांवर नको ते उपचार झाले, मृत्यू काही कमी झाले नाहीत, आणि अखेर २००४ च्या सुमारास तो कार्यक्रम थांबवावा लागला. मार्कर चांगला असला तरी तो कोणाच्या शरीरात आणि कशासाठी शोधायचा हे आधी ठरवावं लागतं, याचं हे ठसठशीत उदाहरण.

काउंटरवर

गडबड नाव नोंदवण्यापासून सुरू होऊ शकते. एएफपी आणि एएफबी यांत एका अक्षराचा फरक. एएफबी ही टीबीच्या जंतूंची तपासणी. शिवाय गरोदर बाईच्या ट्रिपल किंवा क्वाड्रुपल मार्करमध्येही एएफपी असतो आणि काही लॅबच्या यादीत त्याचा कोड वेगळा असतो. चुकून तो कोड लागला तर फॉर्म गरोदरपणाचे आठवडे विचारतो. तेव्हा पावती हातात आली की काउंटरवरून हलण्याआधी ‘एएफपी, ट्यूमर मार्कर, सीरम’ एवढं वाचून घ्यावं. आणि वय महिन्यांत लिहायला सांगावं. ‘वय १ वर्ष’ असं ढोबळ लिहिलं, तर सात महिन्यांच्या आणि तेवीस महिन्यांच्या मुलाचा रिपोर्ट एकसारखा दिसतो.

रक्त काढताना

उपाशी राहायची गरज नाही. ‘बारा तास उपाशी’ हा निरोप लॅबकडून आपोआप जातो, तो एकट्या एएफपीला लागू नाही. उलट बाळाचं पोट भरलेलं असावं, अंगात पाणी असावं, म्हणजे शीर पटकन मिळते. वेळही कोणतीही चालते.

लाल बुचाची साधी किंवा पिवळ्या बुचाची जेल असलेली ट्यूब लागते. दोन मिलिलीटर रक्त पुरेसं असतं. तान्ह्या बाळासाठी छोट्या ट्यूबमध्ये एक मिलिलीटरही चालून जातं. बऱ्याच ठिकाणी सवयीने पाच मिलिलीटर ओढतात. चार किलोच्या, नुकत्याच केमोतून उठलेल्या बाळाला ते परवडत नाही. बटरफ्लाय सुई मागावी. लिग्नोकेन-प्रिलोकेनचं मलम शिरेवर तासभर आधी लावून वर प्लास्टिकची पट्टी चिकटवली तर टोचणं खूप सुसह्य होतं. फक्त तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला आणि सेप्ट्रानसारख्या सल्फाच्या गोळ्या चालू असलेल्या मुलाला ते डॉक्टरांना विचारूनच लावावं. ज्या मुलाला दोन-तीन वर्षं सतत टोचून घ्यायचं आहे, त्याच्यासाठी ही चैन नाही.

केमोपोर्ट (केमो देण्यासाठी त्वचेखाली बसवलेली डबी) अजून काढलेला नसेल तर त्यातून रक्त घेता येतं, पण ते प्रशिक्षित नर्सनेच घ्यावं. आधीचं हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध) मिसळलेलं रक्त टाकून द्यावं लागतं, नाहीतर सॅम्पल पातळ होतं आणि आकडा खोटा कमी येतो. घरी रक्त न्यायला येणाऱ्या लॅबच्या माणसाला पोर्टला हात लावू देऊ नये.

ट्यूब अर्धा तास उभी ठेवून रक्त गोठू द्यायचं, मग फिरवून सीरम (वरचा पिवळसर द्रव) वेगळं करायचं, आणि २ ते ८ अंशांत ठेवायचं. एएफपी हा तसा दणकट मार्कर आहे, थंड राहिला तर दोन-तीन दिवसांच्या प्रवासाने त्याचं काही बिघडत नाही. रक्त थोडं फुटलं, म्हणजे हिमोलाइझ झालं, तरी एएफपीवर फारसा परिणाम होत नाही. पण त्याच ट्यूबमधून एलडीएच किंवा एनएसई हे दुसरे मार्कर मागवले असतील तर ते आकडे बाद समजावे, कारण ते दोन्ही रक्तपेशींच्या आतही असतात आणि पेशी फुटल्या की सीरममध्ये सांडतात. नांदेड किंवा चंद्रपूरच्या कलेक्शन सेंटरवरून सॅम्पल मुंबईला जाणार असेल तर एवढंच विचारावं: सीरम वेगळं करून पाठवता की अख्खं रक्त? उत्तर ‘अख्खं’ असेल तर दुसरं सेंटर बघावं.

बायोटिन

केमो संपली की केस लवकर यावेत म्हणून घरचे प्रेमाने बायोटिन या बी गटातल्या जीवनसत्त्वाच्या गोळ्या किंवा गमी सुरू करतात. अनेक मशिनांवर एएफपीची तपासणी बायोटिन आणि त्याला घट्ट धरणारं स्ट्रेप्टॅव्हिडिन हे प्रथिन यांच्या जोडीवरच चालते. रक्तात बाहेरून आलेलं बायोटिन खूप असलं की ते ही जोडी जमू देत नाही आणि एएफपी खोटा कमी दिसतो. म्हणजे गाठ उगवत असताना रिपोर्ट ‘नॉर्मल’ येऊ शकतो. नव्या रसायनांमध्ये कंपन्यांनी हा दोष बराच कमी केला आहे, पण आपली लॅब कुठली पिढी वापरते हे काउंटरवरच्या माणसाला ठाऊक नसतं. ज्या मशिनांवर हा धोका आहे त्यांच्या माहितीपत्रकात मोठ्या डोसनंतर निदान आठ तास थांबायला सांगितलेलं असतं. आमचा सल्ला दोन-तीन दिवस आधीपासून बंद ठेवण्याचा आहे. बायोटिनिडेज या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्या मुलाला मात्र बायोटिन औषध म्हणून दिलेलं असतं, ते आपल्या मनाने थांबवू नये. अशा मुलासाठी बायोटिन न वापरणाऱ्या पद्धतीची लॅब शोधावी.

रिपोर्ट हातात आल्यावर

सर्वांत मोठी अडचण रेफरन्स रेंजची. बहुतेक रिपोर्टवर ‘८ पेक्षा कमी’ किंवा ‘१० पेक्षा कमी’ एवढंच छापलेलं असतं. तान्ह्या बाळाला ते लागूच होत नाही. बालकर्करोगाच्या विभागांत १९८१ पासून वापरात असलेल्या तक्त्यानुसार पूर्ण दिवसांच्या नवजात बाळाची सरासरी मिलिलीटरला सुमारे ४८,००० नॅनोग्रॅम असते. दोन आठवडे ते एक महिना या वयात ती साडेनऊ हजारांच्या आसपास, दोन महिन्यांना ३२३, तीन महिन्यांना ८८, सहा महिन्यांना १२.५ आणि आठ महिन्यांना ८.५. याही नुसत्या सरासऱ्या आहेत. पहिल्या काही महिन्यांत निरोगी बाळांमध्येही आकडे प्रचंड पसरलेले असतात, आणि वेळेआधी जन्मलेल्या बाळाचे तर कितीतरी जास्त असतात. दीड महिन्याच्या बाळाचा टेराटोमा काढला, एएफपी १,२०० आला आणि रिपोर्टवर लाल अक्षरात ‘हाय’ असं आलं, तर तो आकडा त्या वयाला शोभणारा असू शकतो. त्या बाळासाठी प्रश्न असा असतो: पुढच्या महिन्यात तो पुरेसा उतरला का?

उतरण्याचा वेग हीच खरी माहिती. एक वर्षावरच्या मुलात गाठ पूर्ण निघाली असेल तर एएफपी दर पाच ते सात दिवसांनी निम्मा होतो. समजा, तीन वर्षांच्या मुलीच्या यकृताच्या शस्त्रक्रियेच्या दिवशी आकडा ४,००० आहे. सहा दिवसांचा हिशेब धरला तर १२ दिवसांनी १,०००, २४ दिवसांनी २५०, ३६ दिवसांनी ६२, ४८ दिवसांनी १६ आणि ५४ दिवसांनी ८. म्हणजे सगळं सुरळीत असलं तरी नॉर्मल व्हायला जवळपास आठ आठवडे लागतात. तीन आठवड्यांनी ३५० आला म्हणून हातपाय गाळायचं कारण नाही. त्याच मुलीचा आकडा महिन्याने ६०० वर अडकून बसला, तर मात्र कुठेतरी गाठ मागे राहिल्याची शंका घ्यावी लागते. त्यात आणखी एक गुंता: यकृताचा मोठा भाग काढल्यावर उरलेलं यकृत वाढू लागतं आणि त्या काळात एएफपी हळू उतरतो, कधी थोडा वरही जातो. आणि तान्ह्या बाळाचा मूळचा एएफपीच संथपणे उतरत असतो. दोन ते चार महिन्यांच्या वयात निम्मा व्हायला महिनाभरही लागू शकतो. सहा दिवसांचा हिशेब त्याला लावायचा नाही.

हे आकडे वहीत तारखेसह उतरवावेतच, पण जमलं तर लॉग स्केलवर (जिथे प्रत्येक दुप्पट सारख्याच उंचीची दिसते) काढावेत. मोबाइलमधल्या कुठल्याही स्प्रेडशीटमध्ये उभ्या अक्षासाठी तो पर्याय असतो. साध्या आलेखावर ४,००० पासून २५० पर्यंतची उतरंड दिसते आणि त्यानंतरचं सगळं तळाशी चिकटून जातं. लॉगवर ८ वरून १६, १६ वरून ३२ ही चढण स्पष्ट उभी राहते. रिपोर्टसोबत असा आलेख छापून देणं कुठल्याही लॅबच्या सॉफ्टवेअरला अवघड नाही. काही लॅब मागच्या दोन-तीन तारखांचे आकडे शेजारी छापतात, ते कौतुकास्पद आहे.

दुसरी अडचण एककाची. बहुतेक लॅब नॅनोग्रॅम प्रति मिलिलीटरमध्ये देतात, काही आययू प्रति मिलिलीटरमध्ये. १ आययू म्हणजे सुमारे १.२१ नॅनोग्रॅम. लॅब बदलली आणि ७ चा ८.५ झाला, तर कदाचित नुसतं एकक बदललेलं असतं.

तिसरी, ‘१२१० पेक्षा जास्त’ असा रिपोर्ट. रोश कंपनीच्या इलेक्सिस पद्धतीची सरळ मोजण्याची मर्यादा तेवढी आहे. त्याच्या वर गेलं की सीरम डायल्यूट, म्हणजे पातळ, करून पुन्हा चालवावं लागतं. ज्या मुलाचा आकडा मागच्या महिन्यात ३ लाख होता आणि आता ४० हजार झाला आहे, त्याला केमो झकास लागू पडते आहे. ‘१२१० पेक्षा जास्त’ असा कागद दोन्ही वेळा सारखाच दिसेल. तेव्हा डायल्यूशन करून अंतिम आकडा द्या, असं सांगायचं. बहुतेक चांगल्या लॅब जादा पैसे न घेता हे करतात, पण कोणी मागितल्याशिवाय करत नाहीत. आमच्या मते या सेवेतली ही सगळ्यात सहज सुधारता येईल अशी उणीव आहे.

याच्याच पोटात हूक इफेक्ट दडलेला आहे. तपासणीत दोन अँटिबॉडी असतात. एक एएफपीला धरून ठेवते, दुसरी त्यावर चमकणारी खूण लावते. एएफपी बेसुमार असेल तर दोन्ही अँटिबॉडी वेगवेगळ्या रेणूंनी भरून जातात, जोडी जुळतच नाही, आणि लाखांतला आकडा शेकड्यात छापला जातो. आजच्या मशिनांची मर्यादा खूप वर असल्याने हे क्वचित घडतं. पण पोटात मोठी गाठ स्पष्ट दिसते आहे आणि एएफपी मात्र किरकोळ आला, तर सीरम शंभरपट आणि हजारपट पातळ करून पुन्हा मोजायला सांगावं. पातळ केल्यावर हिशेबाचा आकडा वाढला तर तोच हूक. हे लक्षात घेणं जरुरीचं, कारण हेपॅटोब्लास्टोमात खरोखरच १०० च्या आत असलेला एएफपी हे जास्त आडमुठ्या आजाराचं लक्षण मानतात, आणि त्यावरून उपचार बदलतात.

आकडा वाढला तर

५ चा ७ झाला, ७ चा ६ झाला, ही मशिनची आणि शरीराची नेहमीची हालचाल आहे. ६, ११, २४, ५५ अशी रांग लागली, तर शेवटचा आकडा येईपर्यंत थांबायचंच नाही. ११ आला तेव्हाच एक-दोन आठवड्यांत त्याच लॅबमध्ये पुन्हा करायचं आणि २४ दिसला की डॉक्टरांसमोर असायचं.

मधल्या काळात बाकीची कारणंही तपासली जातात. कावीळ, हिपॅटायटिस बी किंवा सी, औषधांनी यकृताला झालेली इजा यांत एएफपी थोडा चढतो. म्हणून सोबत एसजीपीटी, बिलिरुबिन या यकृताच्या तपासण्या हव्यातच. काही घराण्यांत एएफपी जन्मभर किंचित जास्त असतो, अशा वेळी आईवडिलांचा एकदा मोजला की उलगडा होतो. टायरोसिनेमिया आणि अटॅक्सिया टेलँजिएक्टेशिया या दोन जन्मजात आजारांतही तो वर असतो. रक्तातल्या काही भलत्या अँटिबॉडीजमुळे खोटा वाढलेला आकडा वेगळ्या कंपनीच्या मशिनवर केल्यावर कोसळतो. केमोच्या पहिल्या फेरीनंतर गाठीच्या पेशी फुटून आकडा तात्पुरता उसळतो, तो तर एका परीने चांगलाच.

ही कारणं निघाली नाहीत आणि चढ कायम राहिला, तर शोध सुरू होतो: हेपॅटोब्लास्टोमात पोटाचं इमेजिंग आणि छातीचा सीटी, कारण तो फुप्फुसात जायला टपलेला असतो, माकडहाडाच्या गाठीत ओटीपोटाचा एमआरआय. कधी आकडा बोलतो आणि स्कॅन गप्प असतो. गाठ दोन-तीन मिलिमीटरची असेल तर असंच होणार. मग चार-सहा आठवड्यांनी स्कॅन पुन्हा, कधी पेट-सीटी. नुसत्या आकड्यावर केमो सुरू करण्याचा आग्रह घरच्यांनी धरू नये. आणि लवकर सापडण्याचा फायदा खरा आहे: हेपॅटोब्लास्टोमाच्या फुप्फुसातल्या मोजक्या गाठी शस्त्रक्रियेने काढून पूर्ण बरी झालेली मुलं आहेत.

उलट बाजूही तितकीच खरी. पहिल्या वेळी एएफपी बनवणारी गाठ परत येताना एएफपी न बनवणाऱ्या पेशींची असू शकते. म्हणून आकडा सपाट असूनही पोट वाढलं, वजन घटलं, शी-शूला त्रास होऊ लागला, तर रिपोर्ट बाजूला ठेवून मूल दाखवायचं.

किती वेळा, कुठे, किती पैशांत

वेळापत्रक प्रत्येक केंद्राचं थोडं वेगळं असतं. हेपॅटोब्लास्टोमात पहिल्या वर्षी साधारण दर महिन्याला, पुढच्या दोन वर्षांत दर दोन-तीन महिन्यांनी, मग आणखी विरळ असा सर्वसाधारण क्रम असतो, कारण आजार उलटायचा तर बहुधा पहिल्या दोन वर्षांतच उलटतो. माकडहाडाच्या टेराटोमात साधारण दर तीन महिन्यांनी, तीन वर्षं. डिस्चार्ज कार्डावर जे लिहिलं असेल तेच अखेरचं.

खासगी लॅबमध्ये शहराप्रमाणे साधारण पाचशे ते दीड हजार रुपये पडतात, घरी येण्याचे वेगळे. रिपोर्ट बहुधा दुसऱ्या दिवशी मिळतो, जिल्ह्याच्या ठिकाणाहून सॅम्पल जाणार असेल तर दोन-तीन दिवस. या भावात मिळणारी माहिती पाहता ही तपासणी पैसे वसूल आहे. ‘ट्यूमर मार्कर पॅकेज’ मात्र अजिबात घेऊ नये. त्यात सीईए, सीए १२५, सीए १९-९, मुलगा असेल तर पीएसएसुद्धा असतं. हे मोठ्यांच्या कर्करोगांचे मार्कर आहेत. हेपॅटोब्लास्टोमा झालेल्या चार वर्षांच्या मुलाला त्यांचा उपयोग शून्य, आणि त्यातला एखादा किंचित वर आला की पुढच्या स्कॅनचा खर्च आणि जिवाला घोर. एएफपीसोबत काही जोडायचंच असेल तर जर्म सेल गाठीत बीटा-एचसीजी, तेही डॉक्टरांनी लिहिलं असेल तर. त्याची उतरंड फार वेगवान असते, दीड दिवसात निम्मा.

लॅब निवडताना मान्यता बघावी: लॅबना मान्यता देणाऱ्या एनएबीएलच्या आयएसओ १५१८९ प्रमाणपत्रात एएफपी हे नाव प्रत्यक्ष आहे का, ते एनएबीएलच्या संकेतस्थळावर कळतं. फाटकावर बोर्ड असला तरी ही नेमकी तपासणी त्या यादीत असेलच असं नाही. बाहेरच्या गुणवत्ता चाचणीत, उदाहरणार्थ वेल्लोरच्या सीएमसीच्या योजनेत, ती लॅब भाग घेते का, हेही विचारायला हरकत नाही. रिपोर्टवर पद्धतीचं नाव, म्हणजे सीएलआयए, सीएमआयए किंवा ईसीएलआयए, छापलेलं हवं.

आणि मग तीच लॅब शेवटपर्यंत. वेगवेगळ्या कंपन्यांच्या मशिनांवर एकाच रक्ताचे आकडे जुळत नाहीत. परळच्या टाटा मेमोरियलसारख्या केंद्रात उपचार झालेली मुलं राज्यभर आणि राज्याबाहेर विखुरलेली असतात. दर महिन्याला गाडी पकडून येणं प्रत्येकाला शक्य नसतं. अशांनी गावाजवळची एकच लॅब ठरवून, तिचं नाव आणि पद्धत डॉक्टरांच्या फाइलमध्ये नोंदवून घ्यावी. बदली किंवा स्थलांतरामुळे लॅब बदलावीच लागली, तर एकदा त्याच दिवशीचं रक्त दोन्हीकडे द्यावं. तिथून पुढचा आलेख नव्या लॅबच्या आकड्याला धरून काढायचा.

फॉर्मवर ‘क्लिनिकल हिस्टरी’ नावाची एक ओळ असते, जी दहातल्या नऊ वेळा कोरी जाते. तिथे एवढं लिहावं: ‘वय १९ महिने. हेपॅटोब्लास्टोमा, उपचार पूर्ण. सीरम एएफपी, ट्यूमर मार्कर. मागचा आकडा ६, तारीख अमुक, हीच लॅब. बायोटिन चालू नाही. मर्यादेबाहेर गेल्यास डायल्यूट करून अंतिम आकडा द्यावा. उरलेलं सीरम पंधरा दिवस गोठवून ठेवावं.’ शेवटच्या वाक्यामुळे आकडा संशयास्पद आला तर मुलाला पुन्हा न टोचता तेच सीरम दुसऱ्या मशिनवर चालवता येतं.